बैठकीतलं इंग्रजी वाक्य

माझं लग्न दोन विशेषणांवर ठरलं. माझ्या अंगच्या विशेषणांवर नव्हे. ती वडिलांनी मध्यस्थामार्फत आधीच भरपूर कळवली होती: गोरटेली, नाकीडोळी नीटस, कामसू, शांत. त्यातली निम्मी खोटी होती, आणि शांत हे तर माझ्या आईलासुद्धा ऐकून हसू आलं होतं. ज्या दोन विशेषणांनी काम फत्ते झालं ती इंग्रजी होती. एका वाक्यात ती कुठं दडून बसली आहेत हे मी पाहुण्यांच्या देखत बोट ठेवून दाखवलं, आणि पाहुण्यांनी सुपारी फोडली.

आम्ही अंबडचे. वडील मुन्सफ कोर्टाच्या बाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. निजाम सरकारचा कारभार उर्दूत आणि अर्जदार सगळे मराठी. त्यामुळे आपण काय मागतोय हे अर्जदाराला वाचता येत नसे, आणि अर्जदाराला काय पाहिजे हे वाचायला साहेबाला सवड नसे. या दोघांच्या मधे वडिलांची सतरंजी होती. ते म्हणायचे, "अर्जातला मजकूर कोनी बघत न्हाई. नमुना बराबर पाहिजे. वर सलाम, खाली सही, मधी काय बी असू दे." या विचारावर आमचं घर चालत होतं, म्हणून घरात त्याला कुणी हरकत घेत नसे.

मला चौदावं लागलं तेव्हा जालन्याचं एक स्थळ आलं. मुलगा एका जिनिंगमधे कारकून, मॅट्रिकला बसून उठलेला. त्याचे वडील तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकूनच, पण सरकारी. मूळचे केदारखेड्याचे, जमीन वाट्यानं दिलेली, स्वतः जालन्यात. त्यांनी निरोप धाडला की मुलगी सावळी असली तरी चालेल, पण इंग्रजी जाणणारी पाहिजे. कारण सरळ होतं. जालन्यात कचेरीतल्याच दुसऱ्या एका अहलकाराच्या घरी इंग्रजी जाणणारी सून आली होती, आणि तेव्हापासून साहेब त्या अहलकाराला बसायला सांगू लागला होता. आमच्या भावी व्याह्यांना अजून उभंच राहावं लागत होतं.

वडिलांनी मुलीला इंग्रजी येतं असं कळवून टाकलं आणि मग मला इंग्रजी शिकवायला माणूस शोधायला निघाले.

माणूस मिळाला. तालुक्याच्या शाळेतून पेन्शनीत गेलेले एक मास्तर होते, घरी उर्दू बोलणारे, पांढरी शेरवानी, दाढी मेंदीनं लाल केलेली. सगळं अंबड त्यांना उस्ताद म्हणायचं. ते ओसरीत बसायचे, मी उंबऱ्याच्या आत, आणि माझ्या मागं आई तुरीची डाळ निवडत. उस्ताद पाटीवर इंग्रजी वाक्य लिहून पाटी उंबऱ्यावरून आत सरकवायचे. शिकवणं इंग्रजीचं, ते उर्दूतून, आणि शिकणारी मराठी. नामाला इस्म म्हणायचं, विशेषणाला सिफत, क्रियापदाला फेल. माझं पहिलं वाक्य, आणि खरं सांगायचं तर पुढची कित्येक वर्षं एकुलतं एक वाक्य, होतं: द पुअर डाँकी किक्ड हिज क्रुएल मास्टर अँड रॅन अवे.

तुम्ही शाळेत गेलेले लोक आहात. तुम्हाला अर्थ लागला असेल. कृपा करून थोडा वेळ तो तुमच्यापाशीच ठेवा, कारण आम्हाला तो लागला नव्हता.

"सिफत पकडो, बेटी," उस्ताद म्हणायचे. "सिफत इस्म के आगे चलती. नवाबसाब के आगे चोपदार चलता, वैसी."

डाँकी हे इस्म. त्याच्या पुढं चोपदार कोण, तर पुअर. मास्टर हे इस्म. त्याच्या पुढं क्रुएल. मी दोन्ही चोपदार पकडले. किक्ड आणि रॅन हे फेल, हेही पकडलं. आठवड्याभरात मी पाटी उलटी धरली तरी बोट ठेवू लागले. आई डाळ निवडता निवडता एकदा म्हणाली, "पोरगी लई हुशार हाय. पर उस्ताद, ह्ये शब्द हायेत तरी कशाचे?"

उस्तादांनी पाटी आपल्याकडं ओढून घेतली. "मतलब अगली जमात में," ते म्हणाले.

मीही पुष्कळदा विचारलं. उत्तर तेच. सरकारी शिरस्ता तसा होता म्हणे: आधी वर्षभर शब्द ओळखायचे, मग पुढच्या इयत्तेत त्यांचा अर्थ लावायचा. उस्ताद नियमाचा माणूस. त्यांना अर्थ माहीत होता याबद्दल मला शंका नाही, कारण वाक्य लिहिताना त्यांच्या लाल दाढीत हसू यायचं. पण आधीच्या इयत्तेत पुढचं सांगणं म्हणजे जेवणाआधी विडा देण्यासारखं, असं त्यांना वाटत असावं. मला मात्र रात्रंदिवस ती पुढची जमात दिसत होती. दागिने, शालू, जालन्याचं घर यांपैकी कशाचीही मला इतकी ओढ नव्हती. पाटीवरच्या त्या पांढऱ्या मुंग्या काहीतरी बोलत होत्या आणि मला ते ऐकायचं होतं. आयुष्यात मला मनापासून हवी झालेली ती पहिली गोष्ट.

मुलगी बघायचा दिवस ठरला तसा वडिलांनी उस्तादांना नारळ आणि उपरणं दिलं. उस्ताद उठले नाहीत. म्हणाले, "वकीलसाब, बच्ची को मतलब तक तो आने दो. एक साल."

वडील वकील नव्हते, पण त्या हाकेनं ते एरवी विरघळायचे. त्या दिवशी नाही विरघळले. "मतलबाचं सासरचे बघतील," ते म्हणाले. मला त्यांनी बाजूला घेऊन वचन दिलं: इंग्रजीची आवड असलेलं घर आहे, पुढची जमात तिथंच होईल, तू फक्त पाहुण्यांसमोर चुकू नको.

मी चुकले नाही. चुकणं शक्यच नव्हतं, कारण कोणतं वाक्य विचारायचं हेही वडिलांनीच पाहुण्यांच्या कानावर घातलं होतं. ओसरीत पाहुणे बसले. भावी सासरे मधोमध, डोक्यावर कचेरीची लाल, गोंड्याची रुमी टोपी. शेजारी मुलगा, मान खाली. आतल्या दाराशी आईबरोबर सासूबाई, बारीक, पदर कपाळापर्यंत. सासऱ्यांनी, म्हणजे ज्यांना मी पुढं मामंजी म्हणू लागले त्यांनी, पाटी मागवली आणि गंभीरपणे विचारलं, "यात विशेषणं किती?"

"दोन." मी बोट ठेवलं. पुअर. क्रुएल.

मामंजींनी मान हलवली, जणू आपल्या मनातही दोनच होती. ओसरीतल्या सगळ्यांनी मान हलवली. मुलगा खाली बघत गालातल्या गालात हसत होता. मला वाटलं, लाजतोय. लाजरा नवरा बरा, असंही वाटून गेलं. हा समज मी बरीच वर्षं जपला.

एवढ्यात आतल्या दारातून सासूबाई हळूच म्हणाल्या, "पर त्या वाक्याचा अर्थ काय व्हतो?"

 वडिलांनी माझ्याकडं पाहिलं, मी वडिलांकडं. उत्तर पुढच्या जमातीत होतं. मग मामंजी खाकरले. कचेरीत वावरलेल्या माणसाला 'माहीत नाही' म्हणायची सवय नसते. मास्टर म्हणजे मालक आणि पुअर म्हणजे गरीब, एवढं इंग्रजी त्यांच्या कानावरून गेलेलं होतं. ती दोन टोकं धरून त्यांनी मधलं सगळं स्वतः विणलं.

"गरीब स्वभावाची बायको मालकाच्या शब्दात राह्यली," मामंजी सावकाश म्हणाले, "तं घराचं कल्याण व्हतं. असं हाय ते."

"वा," वडील म्हणाले. "बिलकुल बराबर."

मुलाला ठसका लागला. त्याला पाणी दिलं. सासूबाईंनी पदर आणखी पुढं ओढला आणि सुपारी फुटली.

जालन्याला गेल्यावर मामंजींनी माझ्याकडून पहिलं काम काय करवून घेतलं असेल, तर ते वाक्य दुसुतीवर भरून घेतलं. दुसरीकडं 'सुस्वागतम्' असायचं, पोपट असायचे, गुलाब असायचे. आमच्याकडं इंग्रजी. मी पाटीवरची अक्षरं जशीच्या तशी उतरवली. नामं निळ्या दोऱ्यानं, क्रियापदं हिरव्यानं, दोन विशेषणं लालभडक, आणि उरलेले किरकोळ शब्द पिवळ्यानं. काच बसवून ती चौकट बैठकीत लावली, बरोबर मामंजींच्या लोडाच्या वर. ते खाली बसत, वर त्यांचं वाक्य असे.

बैठकीत पाहुणा आला की मला हाक. मी चुलीपासून उठून यायची. कधी हात पिठाचे असत, कधी हातात उलथनं असे, मग उलथन्यानंच दाखवायची: हे विशेषण, हे नाम, हे क्रियापद. त्यावर मामंजी अर्थ सांगत. पाहुणे माना डोलावत. त्यात सगळेच माझ्या वडिलांसारखे नव्हते. जिनिंगचे मॅनेजर येऊन गेले, एक डॉक्टर येऊन गेले, स्टेशनमास्तर येऊन गेले. हे लोक चौकट वाचत, मग मामंजींकडं बघत, मग माझ्याकडं, आणि आणखी अर्धा कप चहा मागत. एकानंही तोंड उघडलं नाही. जालना हे फार सभ्य लोकांचं गाव होतं.

मामंजींना कचेरीत बसायला मिळालं की नाही ते मला कधी कळलं नाही. मला पुढची जमात मिळाली नाही, हे मात्र कळलं. लग्नाच्या पहिल्या दिवाळीला मी धीर करून म्हणाले, "मामंजी, इंग्रजीचं पुस्तक आणून द्याल का? पुढचं शिकीन म्हणते."

मामंजींनी लोडावर टेकल्या टेकल्या एक बोट वर केलं, चौकटीकडं. बस. एवढ्यावर बोलणं संपलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं, पुन्हा बोट. मी रागानं धुमसत परत चुलीपाशी यायची आणि भाकरी करपवायची. मीच भरलेलं वाक्य, माझ्याच हाताचे टाके, आणि त्यांनीच मला अडवावं.

पण मला निदान राग तरी येत होता. सासूबाईंचं बघवत नसे. ते बोट खरं त्यांच्यासाठीच होतं. आमटीत मीठ जास्त झालं, बोट. शेजारणीशी बोलायला उंबऱ्यात थांबल्या, बोट. त्यांचं माहेर बदनापूरच्या पलीकडं, सकाळी बैलगाडीत बसलं तर दुपारच्या भाकरीला पोचावं इतकं जवळ. भाऊ होता, भावजय होती. त्या म्हणायच्या, "चार दिस जाऊन येते." मामंजी बोलायचे नाहीत, ओरडायचेही नाहीत. लोडावरून बोट वर जायचं आणि सासूबाई आत यायच्या. भाचीच्या लग्नालाही त्या गेल्या नाहीत. वर दर दसऱ्याला पाटीपुस्तकांची पूजा झाली की त्या चौकटीच्या काचेलाही हळदकुंकू लावायच्या, कारण तिथं बाईचा धर्म लिहिलेला होता. मी एकदा त्यांना म्हणाले, तुम्ही कशाला लावता? त्या म्हणाल्या, "इंग्रजीत लिव्हलंय माय. उगंच का कोनी लिव्हंल?"

अशी वर्षं गेली. मला दोन मुलं झाली, त्यांनाही आजोबांनी त्या वाक्यातली विशेषणं पाठ करून दिली.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. त्याच्या आधीचे महिने कसे गेले ते या गोष्टीत सांगत नाही. रझाकारांच्या भीतीनं कडी लावून बसलेल्या घरांतलं आमचं एक घर होतं, इतकंच. मामंजी कचेरीत रुमी टोपी घालून जायचे आणि घरी आले की ती फळीवर ठेवून रामरक्षा म्हणायचे. पोलीस ॲक्शन झाली, फौजा आल्या, निजामी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी गांधी टोपी घातली. ती कुठून आणली, आणि किती दिवस आधी आणून ठेवली होती, हे कुणी विचारलं नाही.

कचेरीत मुंबई इलाख्यातून नवा साहेब आला. मराठी बोलणारा, तरुण, चष्म्यातला. जुन्या अहलकारांपैकी कोण राहणार आणि कोण जाणार हे त्याच्या हातात होतं, म्हणून मामंजींनी त्याला चहाला बोलावलं. घरात मोठी गडबड. माझे यजमान जिनिंगला दांडी मारून बैठकीत हजर. मी आणि सासूबाई आतल्या दाराशी, कपबशा मांडत.

साहेब बसले. समोर चौकट. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"अहो, हे गाढवाचं वाक्य तुम्ही इथं का लावलंय?"

मामंजींना वाटलं, साहेबांनी घाईत वाचलं. ते अदबीनं म्हणाले, "साहेब, ते बायकांसाठी हाय. गरीब स्वभावाची बायको मालकाच्या शब्दात राह्यली तं घराचं कल्याण व्हतं."

हा साहेब जालन्याचा नव्हता, त्यामुळे तेवढा सभ्य नव्हता. तो हसला. इतका हसला की बशीतला चहा गुडघ्यावर सांडला. "अहो, तिथं बायको कुठाय? बिचाऱ्या गाढवानं आपल्या दुष्ट मालकाला लाथ मारली आणि ते पळून गेलं. असं लिहिलंय तिथं."

 चौकटीखाली बसलेल्या मामंजींनी गांधी टोपी सारखी केली.

"साहेब," ते म्हणाले, "निजामी अमलात त्याचा अर्थ आम्ही सांगितला तसाच व्हता. आता अंमल बदलला."

साहेबांचं हसू थांबलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. कचेरीत ते आठवडाभर अशीच उत्तरं ऐकत असावेत. मामंजींची नोकरी पुढं टिकली, यावरून त्या उत्तराची किंमत कळावी.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी हसू आलं, आणि लगेच इतका संताप आला की हातातली कपबशी खाली ठेवावी लागली. एका गाढवाच्या गोष्टीनं मला इतकी वर्षं चुलीपाशी बांधून ठेवलं होतं. आणि गाढवसुद्धा कोणतं, तर सुटून गेलेलं. तेवढ्यात माझी नजर यजमानांकडं गेली. ते मान खाली घालून गालातल्या गालात हसत होते. तेच हसू, अंबडच्या ओसरीतलं.

साहेब गेल्यावर मी त्यांना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"डाँकी म्हंजे गाढव, हे तर पहिल्याच धड्यात असतं," ते म्हणाले.

"मग इतक्या वर्षांत बोलला का नाही?"

"आबांपुढं?" ते बैठकीतल्या मामंजींकडं बघत म्हणाले. त्यांना ते पूर्ण उत्तर वाटत होतं, आणि त्या घरात ते होतंही. त्यांच्याशी मी दिवाळीपर्यंत धड बोलले नाही.

सासूबाई तव्यावर भाकरी टाकत होत्या. बाहेरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं, पण इतक्या वर्षांचं ऐकलेलं एका दमात पुसलं जात नाही. पुढची भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "गाढवानं लाथ मारली म्हन्ला का सायेब?"

"हो."

"मालकाला?"

"दुष्ट मालकाला. तो लाल शब्द आहे ना दुसरा, त्याचा अर्थ दुष्ट. पहिल्याचा बिचारं."

त्यांनी भाकरी उलटली. "आन् मंग ते परत आलं का?"

"ते त्यात लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "पळून गेलं, तिथं वाक्य संपतं."

 बैठकीतून मामंजींचा आवाज आला, "ती चौकट उतरवा." मी उठणार तर सासूबाईंनी पिठाचा हात माझ्या मनगटावर ठेवला. त्यांनी आतूनच, पण बैठकीत ऐकू जाईल असं सांगितलं, "राहू द्या. पोरीनं मेहनतीनं केलीय." लग्न होऊन आल्यापासून त्यांचा आवाज बैठकीपर्यंत पोचलेला मी प्रथमच ऐकत होते. मामंजींनीही बहुधा प्रथमच ऐकला असावा, कारण चौकट राहिली.

पुढच्याच महिन्यात दसरा आला. पाटीपुस्तकांची पूजा झाली. सासूबाई हळदकुंकवाचा करंडा घेऊन चौकटीपाशी आल्या आणि मला हाक मारून म्हणाल्या, "यातलं गाढव कोन्तं, दाखव."

आयुष्यभर मी त्या चौकटीवर बोट ठेवत आले होते. इतक्या आनंदानं कधी ठेवलं नव्हतं. मी निळा शब्द दाखवला. सासूबाईंनी काचेवर नेमकं त्या शब्दावर कुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या, हात जोडले. मग आत गेल्या आणि गाठोडं घेऊन बाहेर आल्या. दारात बैलगाडी उभी होती. ती त्यांनी कुणाला सांगून आणवली होती, मला आजपर्यंत माहीत नाही. जाता जाता मला म्हणाल्या, "मुलींच्या शाळंत इंग्रजीच्या नव्या बाई आल्यात म्हनं. उद्यापासून दुपारची जात जा. लेकरं भाकरी खाऊन निजतेत तवा."

मामंजी लोडावर टेकले होते. त्यांनी गाठोडं पाहिलं. सवयीनं त्यांचं बोट वर गेलं, चौकटीकडं. तिथं कुंकू लावलेलं गाढव दिसलं आणि बोट हळूहळू खाली आलं.

"परत कधी येनार?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी उंबऱ्यात पदर सारखा केला.

"ते त्यात लिव्हलेलं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.